दुसऱ्या दिवशीची मोजणी

मुकुटबन
११ ऑगस्ट २०२५

प्रिय कपिल,
जयभीम.

तुझा अभिनंदनाचा मेसेज तुझ्या भाऊजींनी वाचून दाखवला. सोबत फुलांचा गुच्छ आणि टाळ्याही होत्या म्हणे. मोबाइलच्या उजेडाने माझं डोकं फुटतं हे तुला चार वर्षांपासून सांगतेय, पण बहीण बरी झाली म्हटल्यावर पाठवायला काय हरकत, असं तुला वाटलं असेल. तर पहिली बातमी ही घे की मी बरी झालेली नाही. आणि यापुढे मला पत्र लिही. फोनवर बोललं की तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. पत्र उशाखाली ठेवून चार ओळी आज, चार ओळी परवा असं वाचता येतं. अक्षर मोठं काढ. तुझे वडील, आमचे मामा, तुझ्या अक्षरावरून तुला किती बोलायचे ते आठव आणि त्यांची लाज राख.

तुमच्या संस्थेचं पत्र आलं. त्यात माझ्या नावापुढे एकच शब्द आहे, 'बरे'. मी ते पलंगावर आडवी पडून वाचलं. त्या दिवशी वेणी घालायलाही हात वर होत नव्हता, ती सासूबाईंनी घातली.

तू शहाणा आहेस, तरी एकदा पुन्हा सांगते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ताप आला, गेला, आणि जाताना अंगातलं सगळं घेऊन गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हटलं. आमच्या गावात याला कमजोरी म्हणतात आणि खजूर खायला सांगतात. यात थकवा हा मुख्य मुद्दाच नाही. मुख्य मुद्दा हा की आज झेपेल त्याहून थोडं जास्त केलं तर त्याची वसुली उद्यापासून सुरू होते आणि ती कितीतरी दिवस चालते. तुमच्या ट्रायलमध्ये माझं नाव तूच घातलंस. थोडं थोडं चालणं वाढवा, मनातली भीती काढा, असा तो उपचार. मी केला. तू सांगितलंस म्हणून केला.

आता गंमत ऐक. रजेच्या अर्जाला मी तुमच्याच संस्थेचे कागद जोडले होते, त्यामुळे हा निकालही शाळेत पोचला. आमचे मुख्याध्यापक विठ्ठलराव सर भले गृहस्थ आहेत, पण वरून आलेलं पत्र त्यांना दाखवावं लागलं. दिवाळीनंतर रुजू व्हा, नाहीतर यवतमाळला मेडिकल बोर्डापुढे येऊन आजारी असल्याचं सिद्ध करा, असा त्याचा मतलब आहे. रुजू झाले तर दिवसभर उभं राहून शिकवताना मी कायमची अंथरुणाला खिळेन. नाही झाले आणि बोर्डाने तुमच्या त्या शब्दावर विश्वास ठेवला, तर अठरा वर्षांची नोकरी गेली.

तू तिथे आकडेवारी बघतोस. मला एवढंच सांग, तुम्ही नेमकं काय मोजलं?

तुझी
समीक्षाताई


नागपूर
२९ ऑगस्ट २०२५

ताईस,
जयभीम.

अक्षर जमेल तेवढं मोठं काढतोय. भाऊजींना आणि त्यांच्या आई रुखमाबाई मावशींना नमस्कार सांग.

तू चिडली आहेस हे समजू शकतो. पण तू गणित शिकवतेस, म्हणून तुझ्याशी सरळच बोलतो. आम्ही प्रत्येकाला एक प्रश्नावली देतो. अर्धा किलोमीटर चालता येतं का, पाण्याची बादली उचलताना त्रास होतो का, एकटीने बाजारात जाता येतं का, असे प्रश्न. त्यावरून शंभरपैकी गुण काढतो. ट्रायलमध्ये घेताना ज्यांचे साठ किंवा त्याहून कमी होते तेच रुग्ण घेतले. तुझे पन्नास होते. शेवटी पंचावन्न झाले. आणि पंचावन्नला 'बरे' ही रेघ आहे.

तू इथे बोट ठेवशील हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो. ती रेघ सुरुवातीला ऐंशीवर होती. मधे आमच्या मोठ्या सरांनी आजूबाजूच्या गावांतल्या सर्वसाधारण लोकांचे गुण काढायला लावले, तेव्हा लक्षात आलं की ऐंशी पुष्कळांनाच नसतात. गुडघेदुखीवाले, म्हातारे, सगळे धरून जे निघालं त्याप्रमाणे रेघ खाली आणली. हे लपवलेलं नाही, अहवालाच्या मसुद्यात तळटीप आहे.

पावलं मोजणारं हातातलं घड्याळ काढून का घेतलं, हे तू मागे फोनवर विचारलं होतंस. लोक ते चार्ज करायला विसरत होते, काहींना रात्री टोचायचं. शिवाय पहिल्या काही महिन्यांत घड्याळाच्या नोंदीत फारसा फरकच दिसत नव्हता, प्रश्नावलीत मात्र स्पष्ट सुधारणा होती. त्यामुळे यंत्र नीट पकडत नसावं असं सरांचं मत पडलं.

आणि केवळ प्रश्नावलीच नाही. आमची मोनाली दर महिन्याला तुझ्याकडे नोंदी घ्यायला येते, उपचार संपला तरी अजून येते, तिचं निरीक्षणही आहे. ती लिहिते की तू नीटनेटकी साडी नेसून खुर्चीत बसलेली असतेस, स्वतः चहा करतेस आणि तिला फाटकापर्यंत पोचवायला येतेस. मग हे खोटं आहे का, ताई? सुरुवातीला तू दारही उघडत नव्हतीस.

रागावू नकोस, पण एका माणसाला काय वाटतं आणि शेकडो माणसांची सरासरी काय सांगते यात फरक असतो. कधी कधी शरीर सुधारतं आणि मनाला ते उशिरा कळतं. समुपदेशनाच्या वर्गात शिकवलेलं वाक्य म्हणत जा.

तुझा
कपिल


मुकुटबन
१८ सप्टेंबर २०२५

कपिल,

ते वाक्य मला पाठ आहे. 'मी रोज थोडी थोडी बरी होत आहे.' तुमच्या समुपदेशनाच्या बाई ते प्रत्येक वर्गात आमच्याकडून म्हणवून घ्यायच्या. आणि वर्ष संपल्यावर तुमच्या प्रश्नावलीने विचारलं, तुम्हाला बरं वाटतं का? अरे, मी उत्तर फळ्यावर लिहून ठेवून मग परीक्षा घेतली असती तर विठ्ठलराव सरांनी मला नोटीस दिली असती. तुमचे लोक त्याला संशोधन म्हणतात.

तुझी रेघ मी तुझ्या भाऊजींना समजावून सांगितली. ते बियाण्यांचं दुकान चालवतात, गणिताशी त्यांचं कधी जमलं नाही, तरी त्यांना एका मिनिटात कळलं. साठपर्यंत तो आजारी आणि पंचावन्नपासून वर तो बरा. म्हणजे अठ्ठावन्नवाला तुमच्या दारातून आत येतानाच बरा झालेला असतो. त्याला औषध कशाला हवं, दारच पुरे. आणि माझी बरोबरी तुम्ही कोणाशी केली तर माझ्या सासूबाईंशी, ज्यांचं वय चौऱ्याहत्तर आणि दोन्ही गुडघे गेलेले. मी एक्केचाळीसची आहे. हे ऐकून त्या मात्र खूश झाल्या.

घड्याळाचं तर काय बोलू. घड्याळ म्हणालं फरक नाही, माणसं म्हणाली फरक आहे, म्हणून तुम्ही घड्याळ खोटं ठरवलं. बादलीचं विचारतोस? 'बादली उचलताना त्रास होतो का?' मी लिहिलं, नाही. कारण मी बादली उचलतच नाही. चार वर्षांत एकही उचलली नाही, तुझे भाऊजी उचलतात. त्याचे तुम्ही मला पूर्ण गुण दिलेत.

आता मोनालीचं. तिने खोटं लिहिलेलं नाही. ती पोर चांगली आहे. पण ती कोण आहे हे तुला ठाऊक आहे ना? महागावची, आपल्याच वस्तीतली, तानाबाईची नात. माहेरची पोरगी एवढ्या उन्हातान्हात एसटीने दारी आली आणि मी अंथरुणावरून तिला म्हणू की बाई, तुझा तू चहा करून घे? माझ्या मावशीने, म्हणजे तुझ्या आत्याने, मला तसं वाढवलं नाही. तू तरी असं करशील का? कोणी घरी आलं आणि विचारलं, कसं काय, तर आपण काय म्हणतो? बरं आहे म्हणतो. ताप असला तरी म्हणतो. पाहुण्याच्या हातात चहाचा कप देण्याआधी दुखणं देत नाहीत.

ती येणार त्याच्या तीन दिवस आधीपासून मी हलत नाही. आंघोळ नाही, बोलणं नाही. ती शक्ती साठवून ठेवते. त्या दिवशी उठते, साडी नेसते, चहा करते, तुझी खुशाली विचारते, फाटकापर्यंत जाते. ती वळणावर दिसेनाशी झाली की तुझे भाऊजी मला उचलून आत नेतात. पुढचा आठवडा मला स्वतःच्या हाताने पाणीही पिता येत नाही. तुम्ही महिन्यातला तेवढा एक तास पाहिलात आणि त्यावर महिना लिहिलात.

मोजायचंच असेल तर मोनालीला म्हणावं, चहा पिऊन जा, आणि न सांगता दुसऱ्या दिवशी ये. या दुखण्याचं सगळं दुसऱ्या दिवशी असतं. हे मी पहिल्याच वर्गात सांगितलं होतं, तेव्हा तुमच्या बाई म्हणाल्या, ही भीती आहे.

समीक्षाताई


नागपूर
१२ ऑक्टोबर २०२५

ताईस,
जयभीम.

पहिल्यांदा तुझी क्षमा मागतो, मग बाकीचं.

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस तुझ्यावरच चिडलो होतो. मग मोनालीला फोन केला आणि तू म्हणालीस तसं करायला सांगितलं. सरांना विचारलं नाही. ती नेहमीप्रमाणे आली, चहा प्यायली, आणि त्या रात्री पांढरकवड्याला तिच्या मावशीकडे राहून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तुझ्या दारात आली. तुला हे आठवत नसेल, म्हणून सांगतो.

दारात रुखमाबाई मावशी होत्या. त्यांनी तिला अडवलं. म्हणाल्या, "आज नोको येऊ वो बाई. काल तू आलती, तवापासून ते उठलीच नाही." मोनालीला वाटलं, दुसरी कोणी आजारी आहे. मग ती आत गेली. खिडकीला चादर लावलेली होती, तुझ्या डोळ्यांवर ओलं फडकं होतं आणि भाऊजी चमच्याने पाणी पाजत होते. ती ताई म्हणून हाक मारायला गेली तर तू आवाजाने कळवळलीस. ती पाऊल न वाजवता बाहेर आली. परतीच्या गाडीतून तिने मला फोन केला. एवढंच म्हणाली, "दादा, मी वर्षभर काय लिहून राह्यली होती?"

मी हे सगळं बैठकीत मांडलं. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे म्हणाले की ठरलेल्या तारखेला न झालेली भेट ग्राह्य धरता येत नाही. नियम सगळ्यांना सारखा. एकीकडे दुसऱ्या दिवशी गेलो आणि इतरांकडे नाही, तर तुलनाच बिघडेल. मी म्हटलं, मग सगळ्यांकडेच दुसऱ्या दिवशी जाऊ. ते म्हणाले, भेटींची मुदत आता संपली आहे. मग मी तो रेघेचा प्रश्न काढला. त्यावर ते म्हणाले की कपिल, तुझी बहीण सहभागी आहे हे तू आधीच सांगायला हवं होतंस, आता तुझं बोलणं घरचं वाटतं. त्यांनी पुढचा विषय काढला आणि मी खाली बसलो.

म्हणजे मोनालीने पाहिलं ते न घडल्यासारखं झालं आणि तू कागदावर अजूनही 'बरी'च आहेस. बोर्डापुढे मात्र तुझं म्हणणं तू मांडू शकतेस. माझं ऐक, जायच्या आधी चार दिवस पूर्ण आराम कर, म्हणजे नीट बसून मुद्देसूद बोलता येईल. तू बोलायला लागलीस की समोरचा गप्प होतो, हे मी लहानपणापासून पाहतोय. मी नागपूरहून गाडी घेऊन येऊ का?

कपिल


मुकुटबन
२६ ऑक्टोबर २०२५

कपिल,

गाडी आणू नकोस. नीट बसून मुद्देसूद बोलण्यानेच माझा घात केलाय, हे तुला अजून कळत नाही.

मागच्या वर्षी नागपुरात त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते, तेव्हाही आराम करून, केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून गेले. त्यांना सगळं सनावळीसकट सांगितलं. ते कौतुकाने म्हणाले, मॅडम, तुम्ही तर आमच्याहून ठणठणीत दिसता. मी थँक्यू म्हणाले. थँक्यू, कपिल. असली माणसं आपण.

मोनाली आत आली होती हे तू लिहिलंस तेव्हा कळलं. मला इतकी लाज वाटली की तुझं पत्र मी दोन दिवस पुन्हा हातात घेतलं नाही. माहेरच्या पोरीने मला तशी पाहिली, ही गोष्ट महागावात पोचणार. तिने मला बघावं असं मीच लिहिलं होतं. तरीही लाज वाटली. सासूबाई म्हणाल्या, "लाज कायची? बिमार हायेस तू, चोर नाही." त्यांना बोलायला सोपं आहे, त्या आयुष्यात कोणासमोर आजारी म्हणून आडव्या पडल्या नाहीत.

बोर्डाची तारीख १३ नोव्हेंबर आहे. मी काय करायचं ते ठरवलंय. तुला सांगत नाही, कारण तू नको म्हणशील आणि मला भांडायला ताकद नाही.

समीक्षाताई


मुकुटबन
२१ नोव्हेंबर २०२५

कपिल,
जयभीम.

तुझी ताई लिहू शकत नाही, म्हणून मी, तुझा भाऊजी इंद्रजित, लिहितो. मला पत्र लिहायची सवय नाही. सरळ लिहितो.

बोर्डाच्या आदल्या दिवशी सकाळी ती म्हणाली, मला शाळेत नेऊन सोडा. मी म्हटलं, डोकं फिरलं का? ती म्हणाली, उद्या मला जसं दिसायचं आहे तसं दिसण्यासाठी आज मला काम करावं लागेल, आणि करायचंच आहे तर मी शिकवूनच करीन. मी नाही म्हटलं. आई नाही म्हणाली. तिने चप्पल घातली.

विठ्ठलराव सरांनी पाचवीचा वर्ग दिला. मी खिडकीबाहेर उभा होतो. तिने फळ्यावर भाकरी काढली, तिचे तुकडे केले आणि अपूर्णांक शिकवले. दोन तास. पोरं हसत होती. चार वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. मधे तिने फळ्याला हात टेकला, मला वाटलं पडते, पण तिने तिथेच एक गणित लिहिलं आणि एका पोरीला सोडवायला बोलावलं. घंटा झाली तेव्हा ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "आता धरा." मी धरलं.

रात्रभर झोप नाही. सकाळी तिला भाड्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपवून नेलं. पांढरकवड्याच्या पुढे रस्ता खराब आहे, प्रत्येक खड्ड्याला ती कण्हत होती. केस विंचरलेले नव्हते. आईने कंगवा घेतला होता, पण तिने हात लावू दिला नाही. यवतमाळला पोचल्यावर शिपाई म्हणाला, पेशंटला वर आणा. मी म्हटलं, येत नाही. थोड्या वेळाने एक डॉक्टर बाई स्वतः खाली आल्या.

त्या गाडीजवळ आल्या आणि कपिल, मी तुझ्या ताईला सतरा वर्षं ओळखतो. दारात भिकारी आला तरी ती पदर सारखा करून उठते. मला वाटलं, आता उठेल. तिची मान हलली. मग तिने ती परत सीटवर ठेवली. उठली नाही. बाईंनी विचारलं, काय होतंय? तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं, पण बोलली नाही. बाईंनी नाडी पाहिली, मग मला सगळं विचारलं. आदल्या दिवशी काय केलं ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढं करायची गरज नव्हती." मी म्हटलं, मॅडम, गरज होती.

सहा महिन्यांची रजा मंजूर झाली. नोकरी शाबूत आहे.

पण तेव्हापासून ती अंधारात आहे. खिडकीच्या चादरीवर आणखी एक चादर लावली. आवाज सहन होत नाही म्हणून आईने मिक्सर बंद केला, चटणी पाट्यावर वाटते. मी तिच्यावर रागावलो आहे आणि तुझ्यावरही. तू घरचा आहेस म्हणून लिहितो.

इंद्रजित


नागपूर
१८ जानेवारी २०२६

ताईस,
जयभीम.

भाऊजी म्हणतात की माझी पत्रं तू ऐकू शकत नाहीस, वाचूही शकत नाहीस. तरी लिहितोय. जेव्हा वाचशील तेव्हा वाच.

अहवाल पुरा होत आला आहे. उपचार यशस्वी झाला की नाही यासाठी गुणांबरोबर आणखी एक गोष्ट मोजायची होती, ती म्हणजे किती लोक कामावर परतले. त्यासाठी संस्थेने सगळ्यांच्या कामाच्या ठिकाणी फोन केले. तुझ्या शाळेतही केला. विठ्ठलराव सरांना खोटं बोलता येत नाही, त्यांनी सांगितलं की हो, बाईंनी १२ नोव्हेंबरला वर्ग घेतला. पुढचं त्यांना कोणी विचारलं नाही.

तुझ्या नावापुढे आता 'कामावर परत' असं लागलं आहे. मी ते स्क्रीनवर पाहिलं आणि उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, व्याख्येत 'किमान एक दिवस' असं आहे आणि व्याख्या आपण आधीच ठरवली होती. म्हणजे रेघ मधेच बदलता येते, व्याख्या मात्र येत नाही. हा अहवाल पुढे गेला की हाच उपचार जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात सुरू करायचा विचार आहे.

आकडेवारी बरोबर असल्याची सही माझी लागते. फेब्रुवारीअखेर द्यायची आहे. सही केली नाही तर दुसऱ्या कोणाकडून घेतील, आणि मला इथे काम राहणार नाही. तुझं नाव ट्रायलमधून काढून घ्यायचा अर्ज तू केलास तर तेवढं तरी नीट होईल. काय करू ते सांग.

कपिल


मुकुटबन
२० फेब्रुवारी २०२६

कपिल,

हे पत्र किती दिवसांत लिहिलं ते विचारू नकोस. अक्षर वाकडं आहे, मी आडवी पडून लिहितेय आणि खिडकीची दुसरी चादर कालच काढली.

नाव काढायचा अर्ज मी करणार नाही. नाव काढलं की मी तुमच्याकडे कधी नव्हतेच असं होईल, आणि उरलेल्यांची सरासरी जिथे आहे तिथेच राहील. माझ्यासारख्या आणखी कितीजणी तुमच्या मोनालीसाठी चहा करत होत्या, ते तुला माहीत नाही. मलाही नाही. त्यांना उद्या प्रत्येक तालुक्यात सांगतील की चाला, मुकुटबनच्या बाई चालल्या आणि बऱ्या झाल्या.

तुझी नोकरी जाईल हे मला कळतं. ती भीती काय असते हे मला तुझ्याहून जास्त कळतं. म्हणून सही करू नकोस, असं मी म्हणणार नाही. तू माझा धाकटा भाऊ आहेस, तुला विहिरीत ढकलून मी काय मिळवू?

पण माझे ते दोन तास तुम्ही मोजलेत ना, ते खरे आहेत. मी शिकवलं. कोपऱ्यातल्या त्या मुलीला पाव आणि अर्धा यांतला फरक कळला तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. चार वर्षांत मला एवढा आनंद झाला नव्हता. ते खोडू नकोस, राहू दे.

फक्त त्यांच्याशेजारी हेही लिही की त्या दोन तासांसाठी माझा अख्खा हिवाळा गेला. अंगणात तुरी कधी झोडपल्या, थंडी कधी पडली आणि कधी गेली, मला माहीत नाही. सासूबाई पाट्यावर वाटून वाटून थकल्या. तुझे भाऊजी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. हे सगळं त्याच दोन तासांचं आहे, दुसऱ्या कशाचं नाही.

त्यासाठी तुमच्या तक्त्यात रकाना नसेल, तर आखून घे. त्यात हे भर. आणि मगच सही कर.

तुझी
ताई